सात कप

हॉर्नबी, रविवार

ती. बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानेच जोडता, म्हणून हे पत्र. आम्ही मजेत आहोत. थंडी आहे, पण तुम्ही नातीसाठी पाठवलेला स्वेटर श्रिया अंगातून काढत नाही.

मी काम करते त्या रेस्ट होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, लेस्ली नावाचे एकशे एक वर्षांचे आजोबा आहेत. मंगळवारी त्यांनी टेबलावर चहाचे सात रिकामे कप मांडले. मला वाटलं, भ्रम झाला. मी कप उचलून ठेवले. दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

संध्याकाळी त्यांच्या मुलीने सांगितलं. युद्धात ते बॉम्बर विमानावर वायरलेस सांभाळायचे. आजारपणामुळे जो मागे राहील, त्याने परतणाऱ्यांसाठी कप मांडायचे, अशी त्यांच्यात रीत होती. एकदा ते तापाने मागे राहिले. विमान परतलंच नाही. सहा कप मित्रांचे, सातवा त्यांच्या जागी गेलेल्या मुलाचा. त्याचं नावही त्यांना माहीत नव्हतं. दरवर्षी त्या तारखेला ते कप मांडतात.

बुधवारी सकाळी मीच सात कप मांडले आणि माफी मागितली. त्यांनी सगळ्या कपांचे कान एका दिशेला वळवले आणि मला शेजारची खुर्ची दाखवली.

बाबा, बीपीची गोळी घेता ना? आई गेल्यावरही दोघांचा चहा टाकता म्हणून मी तुमच्यावर ओरडले होते. चुकलं माझं. खुशाल टाका. फक्त आईच्या कपात साखर घालू नका, तिला चालत नाही.

तुमची,
जुई