मागच्या रांगेतली म्हातारी

३ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

घाबरू नकोस, असं लिहायला बसले होते, पण मीच इतकी घाबरले आहे की ते वाक्य कागदावर उतरेना. शनिवारी सकाळी आठला आई न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. कपाळाला तीन टाके पडले. आता बरी आहे, म्हणजे मला रागावण्याइतकी बरी आहे.

खरी भीती पुढेच आहे. तिच्या उशाशी ती पेटी आहे ना, छातीतल्या यंत्रानं टिपलेले हृदयाचे ठोके दर पाच मिनिटांनी इंटरनेटवरून हॉस्पिटलला कळवणारी? काही बिघडलं की लगेच नर्सचा फोन येईल, असं आपल्याला सांगितलं होतं. फोन आला पाऊण वाजता. मी नर्सवर तोंडसुख घेतलं. बिचारी म्हणाली की आठचा आलेख तिच्यासमोर आत्ता उघडला, आणि हल्ली असंच होतं.

आमच्या वाचनालयातही तेच चाललंय. तुमच्या इंटरनेट कंपनीचे सिनेमे झरझर चालतात, आणि एका मुलीचा परीक्षेचा अर्ज तासभर नुसता गरगर फिरतो. इंटरनेट सगळ्यांना सारखं मिळावं की नाही, यावर २४ तारखेला आमच्याच सभागृहात जाहीर सुनावणी आहे. बोलणाऱ्यांच्या यादीत अजून एकही नाव नाही.

तू तिथे नक्की काय करतेस गं? बढती मिळाली तेव्हा आपण नाचलो, पण काम काय ते विचारायचं राहूनच गेलं. फोनवर विचारलं असतं, पण आईचे कान तुला ठाऊक आहेत. दोन भिंतींपलीकडची कुजबुज ऐकते आणि वर दुरुस्त्या सुचवते.

लोभ आहेच, त्याची काळजी नको. आधी उत्तर पाठव.
तुझी ताई

६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मलाही फोन नको, माझ्या फोनवरचं बोलणं कंपनी नोंदवून ठेवते.

माझं काम सांगते. जानेवारीपासून कंपनीनं इंटरनेटवरून जाणाऱ्या माहितीच्या दोन रांगा केल्या आहेत. जादा पैसे भरून करार केलेले पुढच्या रांगेत. बाकीचे मागच्या, म्हणजे वाट मोकळी झाली तर जातील. कोण कुठे ते मी ठरवते. मला नावं दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात. नियम असा की जो आकडा ठरावीक वेळानं चिमूटभर काहीतरी पाठवत राहतो आणि ज्याचा करार नाही, ती यंत्राची बडबड समजायची आणि मागे ढकलायची. दिवसाला चारशे ढकलते. कंटाळा येतो, म्हणून मी त्यांना टोपणनावं ठेवते. एक आकडा होता, दर पाच मिनिटांनी "मी आहे, मी आहे" म्हटल्यासारखा. वहीत मी त्याच्यापुढे "पुटपुटी म्हातारी" लिहिलं आणि चहाच्या वेळी सगळ्यांना हसवलं.

ताई, पेटीच्या खाली आकडा असेल. तो पाठव. देवा, तो दुसराच कुठला तरी असू दे.

पाया पडते, रागावू नकोस.
तुझी भिंगरी

१० मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आकडा वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आहे. पेटी उलटी केली तेव्हा आईनं काय शोधतेस म्हणून विचारलं. मी म्हटलं, धूळ. तिनं माझ्याकडे जे पाहिलं!

हॉस्पिटलची पोच आली की पेटीवर हिरवा दिवा लागतो. दोन महिने तो पिवळाच आहे, आणि आम्हाला वाटलं, तोच त्याचा रंग. आता मी जेवणाच्या सुट्टीत धावत घरी येते. आईला न्हाणीघराची कडी लावू देत नाही, म्हणून ती माझ्याशी बोलत नाही. मला झोप नाही. काहीतरी कर गं.

आशीर्वाद आहेतच, ते कामी येवोत.
ताई

१३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तीच ती. पुटपुटी म्हातारी आपली आईच होती, आणि तिला मी माझ्या हातानं मागे ढकललं.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, हॉस्पिटलनं करार करावा, नियम सर्वांना सारखा. ते बैठकीला गेले तेव्हा मी आईचा आकडा गुपचूप पुढच्या रांगेत टाकला. प्रत्येक बदलापुढे माझं नाव उमटतं. २१ तारखेच्या शुक्रवारी महिन्याची तपासणी आहे. एकच आकडा आहे, कदाचित नजरेतून सुटेल.

आणखी एक गोष्ट, जी लिहू नये असं वाटतं. अगदी तशाच चालीनं पुटपुटणारे अजून दोनशे अकरा आहेत. मी फक्त आपली काढली.

पत्र आईच्या हाती लागू देऊ नकोस.
भिंगरी

१६ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझी पत्रं ताईनं टॉवेलांच्या घडीखाली ठेवली होती. टॉवेलांच्या घड्या या घरात कोण घालतं, याचा दोघींनी विचार करायला हवा होता.

दिवा हिरवा झाला आहे. काल जिना चढून धाप लागली, तर दोन मिनिटांत नर्सचा फोन. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं. मला मरायची भीती वाटते गं. फरशीवर पडले होते तेव्हा हाक मारायलाही आवाज फुटत नव्हता.

म्हणूनच लिहिते. खालचे शिंपीकाका एकटे राहतात. त्यांच्याकडेही अशीच पेटी आहे. काल ब्लाउज द्यायला गेले तेव्हा पाहिलं, दिवा पिवळा. त्यांना मी काय सांगू? त्यांचा आकडा खाली लिहिला आहे. एक सुटेल आणि दोनशे बारा पकडले जातील, हे मला कळतं. मग माझाही परत मागे जाईल, तेही कळतं. मी पूर्वी तुला एकटीला खाऊ दिला नाही, आता तूही मला एकटीला देऊ नकोस.

जेवत जा.
तुझी म्हातारी

२० मार्च

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

आज दुपारी सगळे पुढे घेतले. शिंपीकाका एकशे चाळिसावे निघाले. सर्वांच्या आकड्यांची यादी सोबत आहे, ताईनं ती २४ तारखेला सुनावणीत वाचावी. बोलणाऱ्यांत माझंही नाव लिहा. नोकरी असो वा नसो, मी येते.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा तपासणी होऊन गेलेली असेल, आणि जे झालं ते तुला दिव्याच्या रंगावरून कळलेलं असेल. दिवा पिवळा असेल तर न्हाणीघराची कडी लावू नकोस. आणि खाली जाऊन शिंपीकाकांनाही तेच सांग.

माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझी भिंगरी