गायरानातली मरीआई

मु. पिंपळवाडी, कुरुंद्याजवळ
माघ वद्य द्वितीया, शके १८६७

खाजाभाईस विश्वंभर गुरवाचा रामराम आणि सलाम, दोन्ही. फातिमाभाभींना नमस्कार, अन्सारला आशीर्वाद.

आमी इकडं खुशाल आहोत. हळद काढून राहिलो. औंदा गड्डा चांगला पोसला, पण चुलाणाच्या धुरानं डोळ्यांची पार वाट लागली. तुझं रान उत्तमसिंग बराबर करतो. फक्त त्याचे बैल माझ्या बांधावर तोंड घालतात. परवा मी त्याला चार शब्द सुनावले, तर म्हणतो, "खाजामियाचे बैल असते तर बोलले असते का तुमी?" न्हाई बोललो असतो, खरं आहे.

कळमनुरीला तुझं मन रमलं का? भावाच्या दुकानात बसून कापड मोजणारा माणूस तू न्हाईस. तीन वर्षं झाली. एकदा तरी येशील वाटलं होतं. आला न्हाईस तेही बरंच, असं मला वाटायचं. काहून, ते पुढं लिहितो.

मागच्या मंगळवारी भाभी आल्या होत्या. तुला सांगून आल्या की न सांगता, मला ठाऊक न्हाई, रागावू नकोस. अन्सार तापातून उठला म्हणून गायरानातल्या मरीआईला हिरव्या बांगड्या आणि नारळ घेऊन आल्या. नारळ मीच फोडला. अर्धी वाटी हातावर ठेवली तर म्हणाल्या, "गुरवभाऊ, शरीफाच्या वक्ती मला देवीची याद झाली न्हाई. नवस बोलले असते तर पोरगी वाचली असती. माझंच चुकलं."

मी मान हलवली. व्हय म्हटल्यासारखी हलवली, खाजाभाई.

आपण एकाच पंतोजीच्या छड्या खाल्ल्या, म्हणून हे तू स्वतः वाच. दुसऱ्याकडून वाचून घेऊ नकोस.

तुला आठवत असेल, पटकीच्या रोग्यांसाठी छप्पर घालायचं म्हणून डॉक्टर आला, गायरान मोजलं, खुंट्या ठोकल्या. सगळं गाव पेटलं. आत गेलेला माणूस पाय पुढं करूनच बाहेर येतो, असं जो तो म्हणायचा. अर्ज झाला, त्यावर तूही सही केलीस, मीही केली. त्यात कोणाचं पाप न्हाई, भ्याला तो माणूस. पण अर्ज कोणी वाचला न्हाई, आणि गावही हळूहळू गप बसलं. मी बसलो न्हाई. त्या गायरानाच्या खालच्या अंगाला माझं रान. रोग्यांचे कपडे धुतलेलं पाणी तिथल्या नाल्यानं माझ्या हळदीत येणार. वसमतच्या अडत्यानं तोंडावर सांगितलं होतं, "पटकीच्या पाण्यावरची हळद आमी हात लावणार न्हाई."

चैताच्या एका दुपारी, ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसेना, मी ओढ्यातला एक दगड उचलला. मारुतीच्या वाटीतला शेंदूर तेलात कालवून त्याला फासला, खुंट्यांच्या मधोमध पुरला, वर दोन लिंबं ठेवली. दिवस कलला तेव्हा रुख्मिणीबाई गोवऱ्या वेचायला गेली आणि ओरडत गावात आली, गायरानात मरीआई निघाली म्हणून. लोकांबरोबर मीही पळालो. सगळ्यात आधी मी लोटांगण घातलं. गुरवानं डोकं टेकवल्यावर कोण विचारतो? पटकीची देवी जिथं निघाली तिथून तिला उठवायची हिंमत साहेबाचीही झाली न्हाई. खुंट्या उपटल्या, छप्पर ओढ्यापलीकडं गेलं. मी घरी येऊन पोटभर जेवलो.

पुढचं तुला सांगायला नको. श्रावणात शरीफाला पटकी लागली. बाजलं आपण चौघांनी उचललं, डोक्याकडचा एक खूर माझ्या खांद्यावर होता. ओढा दुथडी. पलीकडच्या छपरातून कंपौंडर हात हलवत होता आणि आपण काठावर उभे. दिवस मावळेपर्यंत पाणी उतरलं न्हाई. ती पाणी पाणी करत होती, मग तेही थांबलं. तू मला विचारलंस, "विश्वंभर, ते छप्पर हिकडं होणार होतं ना? काहून झालं न्हाई?" मी म्हणालो, "सरकारची मर्जी."

त्या साली त्या छपरातून कुरुंद्याची दोघं जिवंत घरी गेली. सुईनं मिठाचं पाणी अंगात घालतात म्हणे. मी विचारायला नको होतं, पण विचारलं.

आता परत तेच आलंय. सोमवारी चावडीत तहसीलचे साहेब येणार. औंदा छप्पर न्हाई, पक्का दवाखाना बांधायचा म्हणतात, आणि जागा तीच. गाव म्हणतं, मरीआई उठवली तर माणूस शिल्लक राहणार न्हाई. गुरवानं पुढं होऊन देवीची शपथ घ्यावी, असं ठरलंय. मी पुढं होणार आहे. दगड कोणी पुरला तेच सांगणार आहे. घरात पार्वतीला सांगितलं. ती म्हणाली, "मारुतीची पूजा जाईल, गाव पाणी बंद करंल. तोंड मिटून ऱ्हा, लेकरं हायेत." लेकरं हायेत, हे तिचं बराबर आहे. तुझंही होतं.

गाव मला हाकलेल त्याची भीती वाटते. खोटं कशाला लिहू, फार वाटते. पण ही गोष्ट तुला चावडीवरून उडत उडत कळावी, याची जास्त वाटते. सोमवारी जमलं तर ये. मारायचं असेल तर चारचौघांत मार, मी हात वर करणार न्हाई. माफी मागत न्हाई. ती देणं तुला जड जाईल आणि घेणं मला.

बाकीचं पत्र फाडलंस तरी चालेल. भाभींना एवढंच वाचून दाखव. त्यांचं काहीच चुकलं न्हाई. नवस बोलल्या असत्या तरी तिथं ऐकायला देवी नव्हती. तिथं मी होतो.

शरीफा ज्याला गुरवकाका म्हणायची, तो
विश्वंभर