स्व. शिडी

सोमवार, ९ जानेवारी

फुटबॉल क्लबात पहिला दिवस. मामांनी चिकटवलं. मामा तिथं वीस वर्षं गेटवर तिकिटं फाडतात. त्यांनी एवढंच सांगितलं — "तोंड आवर. आणि इथलं रजिस्टर फाडू नकोस." कॉलेजात मी हजेरीचं फाडलं होतं. समोर बसलेलो असताना सरांनी गैरहजेरी लावली. परत गेलोच नाही.

काम असं: क्लबाला पंच्याहत्तर वर्षं झाली, त्याचं पुस्तक. प्रत्येक मॅच, प्रत्येक गोल. विजेतेपदं एकूण — एक. मला वाटलं, चार दिवसांत आटपेल. पण हरल्याचंही सगळं लिहायचंय म्हणे.

गुरुवार, १२ जानेवारी

चष्म्याच्या दुकानात गेलो. या आठवड्यात तिसऱ्यांदा.

"डावा डोळा फडफडतोय."

"काल उजवा होता," दुकानदाराची मुलगी म्हणाली.

"तोही आहे."

"इथं चष्मे मिळतात. फडफडीवर काही नाही." तरी तिनं फळ्यावरची अक्षरं वाचायला लावली. शेवटची ओळ मुद्दाम चुकलो. पाच मिनिटं वाढवून मिळाली. हल्ली काय करतोस, म्हणाली. क्लबाचं रेकॉर्ड लिहितो म्हटलं. "सगळं? अगदी जुनंसुद्धा?" आणि चक्क बसायला स्टूल दिलं.

तिचे बाबा आतून बघत होते. उंच माणूस, दारातून वाकूनच बाहेर येतो. हसत नाही.

शनिवार, २१ जानेवारी

चौतीस वर्षांपूर्वीचा हंगाम. शेवटची मॅच, ०–१. त्या एका गोलानं क्लब पहिल्या विभागातून दुसऱ्यात घसरला. अजून तिथंच आहे. जुन्या कारकुनाचं अक्षर: "८७ मि. — स्व. शिडी."

शिडी हा आपलाच बचावपटू. सहा फूट चार, म्हणून शिडी.

"स्व. म्हणजे स्वर्गीय," सेक्रेटरी म्हणाले. ते बाहेरून आलेले, ती मॅच त्यांनी पाहिलेली नाही. "साठाव्या वर्षाचं पुस्तक मीच केलं. दिवंगतांत शिडी पहिला. दर हंगामाच्या पहिल्या मॅचला एक मिनिट उभे राहतो आपण."

"सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गेला का तो?"

"नंतर गेला असेल. मग कारकुनानं आठवणीनं 'स्व.' लावलं. जुनी माणसं रीतीची होती."

मंगळवार, २४ जानेवारी

रजिस्टरात आणखी पाच 'स्व.' सापडले. एक आपला गोलकीपर. स्वर्गीय झाल्यावर पुढच्याच रविवारी पेनल्टी अडवतोय. आठ वर्षांनी निवृत्त होतोय.

स्व. म्हणजे स्वयंगोल! आपल्याच जाळ्यात मारलेला!

रजिस्टर सेक्रेटरींच्या टेबलावर आपटलं. (फाडलं नाही.) "मग हा गोलकीपर नाही तो दिवंगतांत?"

"त्याला कसा घालू? तो मला रोज बाजारात भेटतो."

"आणि शिडी भेटत नाही म्हणून मेला?"

"आवाज खाली. जिवंत असेल तर आणून उभा कर. नाहीतर कान धरून माफी माग."

"आणतो! नाही आणला तर नोकरी सोडतो."

मामांनी दारातूनच कपाळाला हात लावला.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

माळ्यावर शिडीचा करारनामा मिळाला. फोटो वाळवीनं खाल्लाय. ओळखखूण शाबूत — डाव्या कानाची पाळी अर्धी.

संध्याकाळी दुकानात गेलो. तिचे बाबा काच पुसत होते. डावा कान माझ्याकडे. पाळी अर्धी.

चार महिने जातोय त्या दुकानात. त्यांच्या कानाकडे बघायला फुरसत कुणाला होती.

शनिवार, ४ फेब्रुवारी

ती जेवायला घरी गेली तेव्हा गाठलं. करारनामा पुढे केला. त्यांनी चष्मा बदलून वाचला.

"दार लोटून घे," म्हणाले. मग म्हणाले, "मॅचच्या दुसऱ्या दिवशी घराच्या काचा फोडल्या लोकांनी. आई आत होती. गाव सोडलं. वीस वर्षांनी परत आलो तर कुणी ओळखलं नाही, आणि पुस्तकात वाचलं की मी गेलो. म्हटलं, बरं झालं."

"बरं कसं, काका?"

"ज्यांनी दगड मारले तेच आता टोप्या काढून उभे राहतात. मी जातो ना दरवर्षी. तिकीट काढून."

"उभे राहता? स्वतःसाठी?"

"एकटा बसून राहिलो तर दिसायला वाईट."

जायला उठलो तर म्हणाले, "पोरीला यातलं ठाऊक नाही. आणि तू कशाला येतोस ते मला दिसतं. माझा धंदाच डोळ्यांचा आहे. इथं येत राहायचं असेल, तर मी मेलेलाच बरा."

रविवार, ५ फेब्रुवारी

दुकानावरून दोनदा गेलो. आत गेलो नाही. दोन्ही डोळे ठीक.

सोमवार, ६ फेब्रुवारी

"काय झालं तुझ्या शिडीचं?" सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर विचारलं.

"मेलाय."

"मग?"

कान धरला. स्वतःचा. कॉलेजात हे जमलं असतं तर आज शेवटच्या वर्षाला असतो. नोकरी सोडतो म्हटलं, तर म्हणाले, आधी पुस्तक पुरं कर. दिवंगतांचं पान एक्केचाळीस, शिडी पहिला, होतं तसंच छापखान्यात गेलं.

मामा खूश. म्हणाले, सुधारलास.

सोमवार, १३ मार्च

पुस्तक आलं. वास चांगला आहे. एक प्रत तिला दिली. घरी जाऊन वाचते म्हणाली. डोळ्यांबद्दल विचारलं नाही.

मंगळवार, १४ मार्च

ती क्लबात आली. पान एक्केचाळीस उघडून टेबलावर ठेवलं.

"मला शाळेपासून माहीत आहे," म्हणाली. "वाट बघत होते, कुणीतरी हे नीट वाचेल म्हणून. तू वाचलंस आणि वर तेच छापलंस? काल घरी भांडले, तेव्हा बाबांनी कबूल केलं तुला कसं गप्प केलं ते. शुद्धिपत्राला किती ओळी लागतात?"

"एक. पण तुझे बाबा —"

"खाली उभे आहेत. म्हणाले, सेक्रेटरींना आधी कल्पना दे, माणूस दचकेल."

सेक्रेटरींना आधी खुर्ची दिली.