हॅमरीनचं कार्ड

मी, आसावरी मोरेश्वर खासनीस, वय एकोणतीस, राहणार एडिसन, न्यू जर्सी, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने हे लिहीत आहे. माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय व्हावं ते यात आहे. गुरुवारी माझ्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, धोका फार थोडा. थोडा म्हणजे किती, असं मी तीनदा विचारल्यापासून ते फोन नर्सकडे देतात. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. बँकेतली शिल्लक आणि निवृत्तीसाठीची बचत आईला, म्हणजे श्रीमती वसुधा खासनीस यांना. तिने ती स्वतःच्या गुडघ्यांसाठी वापरावी. माझ्या नावाने देणग्या देऊ नयेत.

२. गाडी विनीतामावशींना. उजव्या दारावरचा चरा माझ्या हातून पडला आहे. तेव्हा मी दोष दुकानाच्या ट्रॉलीवर ढकलला होता.

३. बाबांचा जांभळा मफलर आणि त्यांनी कोरं ठेवलेलं बारावं कार्ड यतीनकाकांना.

या कार्डांबद्दल इथेच सांगते. अमेरिकेत येण्याआधी बाबा दोन वर्षं फ्लॉरेन्समध्ये टर्बाइनच्या कारखान्यात होते. तिथून ते फिओरेन्तिना या फुटबॉल क्लबचं वेड घेऊन आले. क्लबच्या इतिहासातले सर्वांत मोठे अकरा खेळाडू त्यांनी निवडले, आणि प्रत्येकाचं एक कार्ड स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहिलं. माझी पहिली शाळा हीच. 'ब' मी बातिस्तुताच्या कार्डावर शिकले: "संघ खालच्या वर्गात घसरला, तरी हा सोडून गेला नाही." अंतोन्योनीच्या कार्डावर होतं: "मोठ्या क्लबांनी बोलावलं. हा म्हणाला, मी इथे बरा आहे."

यतीनकाका दर गणपतीत आमच्याकडे येऊन तेच भांडण उकरून काढत. "अरे मोरेश्वर, बाज्जोला बाहेर बसवतोस? तुला फुटबॉल कळतो का टर्बाइन?"

बाबा म्हणत, "पाच वर्षं राहिला. पाच वर्षांत तर माझं ग्रीन कार्डसुद्धा आलं नव्हतं."

"त्याला विकला रे! तो स्वतःहून गेला नाही."

"मग बारावा. तुझ्यासाठी जागा ठेवतो, तू लिही."

काकांनी ते आता लिहावं. आणि काका, हिला भरतनाट्यमला घाला, फुटबॉलच्या कार्डांनी मुलीचं काय होणार, असं तुम्ही आईला सांगितलं होतं. ते मी विसरले नव्हते. आज विसरते.

४. माझी पुस्तकं रविवारच्या मराठी शाळेला. ज्यांत समासात लिहिलं आहे, ती आधी माझी मैत्रीण अदिती हिने चाळावीत. काही शेरे माणसांबद्दल आहेत.

५. अकरा कार्डांपैकी दहा आईच्या कपाटात, स्टीलच्या डब्यात आहेत. ती माझा धाकटा भाऊ नील याची. अकरावं, कुर्त हॅमरीनचं, माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, पासपोर्टच्या पाकिटात आहे. तेही नीलचं. ते तिथे कसं आलं, हे सांगणं भाग आहे.

मी चौदा वर्षांची होते, नील अकरा. बाबांनी ठरवलं, जो त्यांच्या वाढदिवसाला अकराही कार्डं मराठीत तोंडपाठ म्हणेल, त्याला ते फ्लॉरेन्सला मॅच बघायला नेतील. मला काळजी नव्हती. नील घरात इंग्रजीत उत्तरं देणारा. पण त्याने डबा मागून घेतला आणि रोज शाळेच्या बसमध्ये पाठ करू लागला. वाढदिवसाच्या दोन दिवस आधी मी दाराआडून ऐकलं. त्याला सगळं येत होतं. त्या संध्याकाळी मी हॅमरीनचं कार्ड काढून घेतलं.

वाढदिवसाला बाबांनी म्हणून घेण्याआधी कार्डं मोजली. "दहाच? हॅमरीन कुठे?"

"आय डोन्ट नो, बाबा."

"तुला जपायला दिली होती ना?"

त्यांनी त्याला म्हणूच दिलं नाही. माझी अकरा ऐकली आणि मला नेलं. स्टेडियममध्ये मी बाबांच्या शेजारी बसले, तेव्हा ते कार्ड माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं.

चार वर्षांपूर्वी बाबा शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये होते. नील त्यांना म्हणाला, "बाबा, सॉरी. तुमचं कार्ड मी हरवलं." मी खिडकीपाशी उभी होते. कार्ड माझ्याकडे आहे, हे एक वाक्य मला तेव्हाही बोलता आलं असतं.

(इथपर्यंत रविवारी लिहिलं. पुढचं मंगळवारी.)

६. कलम पाचमधलं अकराव्या कार्डाबद्दलचं दान मी रद्द करते. मी मेल्यावर नीलला हे कळावं आणि मला त्याच्यासमोर उभं राहावं लागू नये, म्हणून मी हे मृत्युपत्र लिहायला बसले होते. हे लक्षात आल्यावर सही करता येईना. मला हॉस्पिटलमध्ये न्यायला नील आज अ‍ॅशबर्नहून चार तास गाडी चालवत आला. साक्षीदार यायच्या आधी मी कार्ड त्याच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं.

त्याने कार्ड उलटून बघितलं. मग म्हणाला, "पण ताई, मला आठवतं. बसमध्ये, खिडकीजवळच्या सीटवर ठेवलं होतं मी. आय कॅन सी इट."

"ठेवलं नव्हतंस. माझ्याकडे होतं."

"पंधरा वर्षं मला ती सीट दिसतेय, यार."

माफ केलं, असं तो म्हणाला नाही. मी विचारलंही नाही. त्याने कार्ड टेबलावर पालथं ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणू लागला: "कुर्त हॅमरीन. स्वीडनहून आला. चणीने बारीक, म्हणून लोक त्याला चिमणं पाखरू म्हणत. परका आला, खेळला, आणि त्याच गावात राहिला. आपणही कुठेतरी असंच राहावं." एकही शब्द चुकला नाही. मग कार्ड खिशात घालून म्हणाला, "गुरुवारी पाचला निघू. तयार राहा."

ते कार्ड आता माझ्या मालमत्तेत नाही.

७. मी जगले, तर हा कागद फाडू नये. आईला वाचायला द्यावा.

सही: आसावरी मोरेश्वर खासनीस

आसावरीने आमच्या देखत सही केली. आम्हा दोघांना यातलं काहीही मिळणार नाही.
साक्षीदार: अदिती राजवाडे, जय पटवर्धन

एडिसन, न्यू जर्सी
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५