अर्धं फिरवलेलं कडं

६ ऑगस्ट
ह्यांच्या तेराव्याची माणसं गेली. शेजाऱ्यांची भांडी परत केली. घर एकदम मोठं झालंय.
अल्का धुळ्याला निघताना म्हणाली, "आई, आता तिकडेच ये." पोळा झाला की येते म्हटलं.
संध्याकाळी मी कारखान्यात गेले. (मागची पत्र्याची शेड. ह्यांच्या लेखी कारखाना.) लाकूड कातायच्या खरादाशेजारी ओल्या गोणपाटाखाली ते लाकडी कडं. अर्धंच. त्या रात्री "वरची बाजू सकाळी," म्हणाले, हात धुतले, जेवले, झोपले. ते झोपलेच.

८ ऑगस्ट
गोणपाट ओलं केलं. लाकूड वाळलं की तडकतं. आज देवाला पाणी घालायचं राहिलं, ह्याला नाही.
नातीने फोनवर विचारलं, आजोबा बैल कसे करायचे? सांगत बसले. जन्मभर पलंगाचे पाय नि लाटणी करणारा माणूस. मग जळगावात मशीन बसवायला आलेल्या जर्मन साहेबाने एक लाकडी घोडा दिला, त्यांच्या गावात कसा करतात ते मोबाइलवर दाखवलं. लाकडाचं मोठं कडं खरादावर फिरवायचं. आधी पाय-पोट, मग उलटं करून पाठ-डोकं. करताना जनावर दिसतच नाही. कडं फोडलं की कलिंगडाच्या फोडींसारखी सुटतात, सगळी एकसारखी. हे वेडेच झाले त्यापायी. घोडे नकोत, आपले पोळ्याचे बैल. पहिल्यांदा हात चुकला तर अख्खा कळप बिनशेपटीचा! नात हसली. मीही हसले, मग फोन ठेवून रडले.
फोडायचं काम माझं. हे स्टुलावर पाठ करून बसायचे, बघायचे नाहीत. "काय उतरनं वं?" विचारायचे.
"बठ्ठा बैल शेतस."
सगळे बैलच आहेत, असं मी सांगितलं की मगच वळायचे.

११ ऑगस्ट
सलीम आला पाचोऱ्याहून. ह्यांच्या हाताखाली शिकलेला, आता फर्निचरचं दुकान आहे. कडं मांडीवर घेऊन बसला बराच वेळ.
"काकू, वरची बाजू मी करतो. आबांच्या मनात काय होतं?"
"बैल. दुसरं काय असणार?"
खाचेतून बोट फिरवलं त्याने. "हे नेहमीचे पाय नाहीत, काकू."

१२ ऑगस्ट
पोळ्यांची कणीक मळली होती. गोळा घेऊन खाचेत दाबला, अलगद काढला. पुढच्या-मागच्या पायांमध्ये मोकळी जागा असते, ती नाहीच. पाय दुमडलेले. पोट जमिनीला टेकलेलं.
बसलेलं जनावर. आजवर एकही बसलेलं केलं नाही ह्यांनी. पोळ्याला बसका बैल कोण घेईल?
नंदी? रवंथ करणारी गाय? की बैलच, दमून बसलेला? मागच्या महिन्यात खरादावर दम लागायचा. विचारलं की "काही नाही, धूळ गेली नाकात."
राग आला. खूप आला. एवढं तरी सांगायचं होतं मला. सगळ्या गावाशी बोलायचे, आणि मला…

१३ ऑगस्ट
कणकेला मुंग्या. टाकवेना.

१६ ऑगस्ट
कडेला केसाएवढी चीर. दिवसभर सुचेना काही. अल्का म्हणते, "आई, एका लाकडासाठी किती गं." तिचंही खरं आहे. चिडलेच तरी.
सलीमला फोन केला, ये म्हणून.
"पण काय उतरवू ते सांगा."
बैल म्हटलं आणि ह्यांच्या मनात गाय असली तर? मी कोण ठरवणार?
म्हटलं, "हात ठेवलास की सुचेल ते कर. मला सांगू नको."

१९ ऑगस्ट
केलं सलीमने. मी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. इतक्या दिवसांनी खरादाचा आवाज. एकदा हाक मारणार होते, चहा ठेवू का म्हणून. ह्यांना.
चीर वाढली नाही. कडं माझ्या हातात देऊन खाली मान घालून उभा. "फोडा ना काकू, मी थांबतो."
"जा तू. गाडी चुकेल."
वाईट वाटलं असेल त्याला. पण त्याच्यासमोर नको होतं.

२१ ऑगस्ट
उद्या पोळा. परवा अल्का न्यायला येतेय. कपडे भरून झाले. स्टूल इथेच राहणार.
दुपारी कडं घेऊन बसले. सुरी लावली, हातोडी उचलली. स्टूल तिथेच, भिंतीकडे तोंड करून. मी हलवलेलं नाही.
एक ठोका फक्त. फोडीन, बघेन, पण मग सांगायचं कुणाला?
हातोडी धरून बसले होते. कोणी विचारीना.