कुन्थियाचा रेशमी ब्लाऊज

४ जानेवारी, रविवार
धाकट्या बहिणीचं, कुन्थियाचं लग्न ठरलं. ८ फेब्रुवारी. आईला फोनवर सांगून टाकलं, नवरीला भाड्याचे कपडे आणायचे नाहीत, ब्लाऊज मी शिवणार. अकरा वर्षं नॉम पेन्हच्या कारखान्यात शिवतेय, चेष्टा आहे का? एका रविवारचं काम.

११ जानेवारी, रविवार
आईने बसवाल्याबरोबर रेशीम पाठवलं. केशरी. आजच बेतणार होते, पण ओव्हरटाइमला बोलावलं. माझ्याशिवाय लाइन अडते.

१८ जानेवारी, रविवार
खोलीतल्या वान्नीकडे तिचं मशीन मागितलं. म्हणाली, "फल्ला, तू ब्लाऊज कधी शिवलायस गं?" म्हटलं, रोज सहाशे जीन्स हाताखालून जातात. तर म्हणे, "जीन्स नाही, मागचा उजवा खिसा. डावासुद्धा तुझ्या शेजारची राथा लावते." जळतात लोक.
दुपारी जरा पाठ टेकली.

१९ जानेवारी
उठले तर सोमवार.

२२ जानेवारी
ठराव: कामावरून आल्यावर रोज एक तास शिवण. उद्यापासून. आज पाय सुजलेत.

२५ जानेवारी, रविवार
कापलं! बाही सुरेख झाली. दोन्ही डाव्या हाताच्या झाल्यात, एवढंच. दोष रेशमाचा. सारखं सरकतं. जीन्सचं कापड कसं गुमान बसतं.

१ फेब्रुवारी, रविवार
ब्लाऊज पूर्ण. वान्नीने उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "यात कुन्थियाला हात खाली करता येतील?" म्हटलं, लग्नात नवरी हात जोडूनच बसते.

५ फेब्रुवारी
कुन्थियाला फोन. समजावलं की हल्ली भाड्याचेच कपडे उठून दिसतात. ती म्हणाली, "ताई, मी ते महिन्यापूर्वीच ठरवलेत. तू ये फक्त. आम्हा नवरा-नवरीचे केस कापायच्या विधीला माझ्या शेजारी बस."
मन मोठं आहे पोरीचं. बसणारच. सगळ्यांत पुढे.

९ फेब्रुवारी, सोमवार. परतीच्या बसमध्ये
शनिवारी रजा नाही मिळाली. शिफ्ट संपवून निघाले, काल पहाटे गावी पोचले. विधीला वेळ होता, म्हणून आतल्या खोलीत बाजेवर पाच मिनिटं डोळे मिटले. झोपले नव्हते.
बाहेर आले तर माणसं मांडव सोडत होती. कुन्थिया दागिने उतरवून भांडी घासत बसलेली. फोटो दाखवले. सगळं गाव आहे त्यात.
मी चिडले, एकीलाही उठवता आलं नाही मला?
ती म्हणाली, "तीनदा आले, ताई. आई दारात बसली होती. आत जाऊच देईना. म्हणाली, झोपू दे तिला."