तळमजला शिबिराचा

मी, श्रीमती शोभना विजय बोकील, वय त्र्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार इंदूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहीत आहे. दडपण नाही असे म्हणत नाही. परवा माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे आणि माझा मुलगा परेश कालपासून बिल्डरचा करारनामा घेऊन माझ्या खोलीत येतो आहे. "आई, फक्त सही कर. बाकी मी बघतो." त्या कागदावर मी सही केली नाही. याच्यावर करणार आहे. यापूर्वीची माझी सर्व इच्छापत्रे रद्द समजावीत.

१. माझ्या एकटीच्या नावावर असलेल्या राहत्या घराचा वरचा मजला परेश आणि सून ऋजुता यांना समाईक द्यावा. तळमजला अंगणासह बुद्धिबळ शिबिराच्या न्यासाला द्यावा. तो विकता येणार नाही, पाडता येणार नाही. परेशने शिबिरात अडथळा आणल्यास वरच्या मजल्यातला त्याचा हिस्साही ऋजुताकडे जाईल.

उद्या कोर्टात कोणी म्हणू नये की म्हातारीला भ्रम झाला होता, म्हणून कारण लिहून ठेवते.

हे शिबीर माझे कै. पती विजय यांनी सुरू केले. कोच म्हणून ते मुलांना काठमांडूला स्पर्धेसाठी घेऊन गेले होते. परत आल्यावर म्हणाले, "शोभना, पोरं तासन्‌तास समोरासमोर बसली आणि उठताना एकमेकांचं नावही माहीत नव्हतं." तेव्हा त्यांनी जोडीचा डाव ठरवला. एका बाजूला दोन मुले, दोन देशांची. खेळी आळीपाळीने करायची, आपसात बोलायचे नाही; जोडीदाराच्या मनात काय आहे ते पटावरूनच ओळखायचे. दर डिसेंबरात नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश इथली मुले आमच्या तळमजल्यावर गाद्या घालून राहतात. ती परत जाताना रडतात आणि इथली मुले महिनाभर फोनला चिकटून असतात.

दोन वर्षांपूर्वी ढाक्याची तहमीना आणि इथला पुष्कर अशी जोडी होती. त्या आठवड्यात टीव्हीवर तिच्या देशाविरुद्ध भडकवणाऱ्या बातम्या सारख्या चालू होत्या. दुपारी शेवटचा डाव सुरू असताना फाटकाशी माणसे जमली. "लड़की को बाहर निकालो!" परेश दुकानातून धावत आला, तो थेट त्यांच्याकडेच गेला आणि मला न विचारता सांगून मोकळा झाला, "भिया, एक घंटे में निकाल देंगे." मग आत येऊन मला म्हणाला, "आई, मागच्या दारानं काढू तिला. घर जाळतील हे लोक."

मी म्हटले, "पाहुणी आहे ती. पुढच्या दारानं आली, पुढच्याच दारानं जाईल."

तेवढ्यात खिडकीची काच फुटून दगड आत आला. मुले किंचाळली. ऋजुता बाहेर गेली आणि फाटकाला पाठ लावून उभी राहिली. "अंदर बच्चे हैं, आपके भी हैं," एवढेच ती म्हणत राहिली.

गर्दीत पुष्करचे वडील होते. मुलाला न्यायचे म्हणाले म्हणून तिने त्यांना एकट्याला आत सोडले. त्यांनी पुष्करचे मनगट धरले. "चल, उठ!"

"पापा, अभी इसकी चाल है। फिर मेरी। बीच में कैसे उठूँ?"

तहमीनाचा हात घोड्यावर होता. तिने तो मागे घेतला, पुन्हा पट पाहिला. कोणीही घाई कर म्हटले नाही. तिची खेळी झाली, पुष्करची झाली, समोरच्या जोडीची झाली. पुष्करचे वडील मनगट सोडून उभे राहिले, मग सोफ्याच्या कडेवर टेकले. बाहेरचे लोक त्यांची वाट पाहून हाका मारत होते. ते उठले नाहीत. डाव बरोबरीत सुटेपर्यंत निम्मे लोक कंटाळून निघून गेले होते आणि पोलीसही आले होते. मग मुलाला घेऊन ते गेले.

मागच्या वर्षी त्यांनी पुष्करला पाठवले नाही. तहमीनाला व्हिसा मिळाला नाही. यंदा तिला मिळाला आहे. आणि गेल्या आठवड्यात पुष्करच्या वडिलांचा फोन आला, "मैडमजी, पुष्कर के लिए जगह है क्या?" मी हो म्हटले.

२. माझे दागिने ऋजुताला द्यावेत. या मृत्युपत्राची व्यवस्थापक तीच राहील. फाटकाशी तिला उभे राहता आले, तर कोर्टातही येईल.

३. शेजारी अप्पासाहेब यांनी त्या दिवशी मुलीचा फोटो मोबाईलवर कॉलनीभर पाठवला. पन्नास वर्षांच्या शेजारात त्यांना आमच्या अंगणातला कढीपत्ता तोडायची मुभा होती. ती बंद.

४. परेश, तू घाबरलास याचा राग नाही. मीही घाबरले होते. तू माझ्या वतीने शब्द दिलास, त्याचा राग आहे. तो जाईपर्यंत मी असेन की नाही ठाऊक नाही, म्हणून तसाच लिहून ठेवते. वडिलांचे घड्याळ तुझे.

५. शिबीर बावीस तारखेला सुरू होते. माझे काही बरेवाईट झाले तर मुलांना येऊ नका म्हणून कळवू नये. दिवस-तेरावे त्याच तारखांत आले तर पुढे ढकलावे. गुरुजींना सांगावे, बाईंची परवानगी आहे. तेराव्याला दुसरी तारीख मिळेल. पोरांना व्हिसा पुन्हा मिळेलच असे नाही.

वरील सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून, मगच सही केली.

शोभना विजय बोकील

साक्षीदार: १. डॉ. अमिता रेगे  २. बाबूराव तांबे, निवृत्त मुख्याध्यापक

इंदूर, १४ डिसेंबर २०२५